मानस

सुनावणी साडेदहाची. माईक बारा वाजता आला,
लग्नाच्या मंडपवाल्याकडून, दांड्याला अजून झेंडूचा दोरा.
इतिवृत्त माझ्याकडे. मी डिचोलीचा,
मराठी शाळेतला, अक्षर बरं, म्हणून दर वेळी मीच.

भिंतीवर नकाशा. मालगाडीची लाल रेघ
कुडतरीच्या खाजणातून थेट बंदराकडे,
सरळ, पट्टी ठेवून ओढलेली.
नदीही होती, पण पातळ निळी,
रंग संपत आल्यावर काढल्यासारखी.

साहेबांनी आधी आभार मानले. परदेशी बँकेची मदत,
मुदत चाळीस वर्षं, पहिली दहा काही फेडायचं नाही.
मदत, मुदत. मी दोनदा खाडाखोड केली.
एका उकाराचं तर अंतर.

बँकेची बाई मधल्या खुर्चीत,
डास चावून पाय लाल झालेले, तरी वही मिटत नव्हती.
उगाच हसली नाही. मला ती बरी वाटली.

प्रश्न आले ते ठरलेले. धूळ किती, भाव काय,
भिंतीला तडा गेला तर कुणाच्या दारात जायचं.
एस्प्रांसाबाई म्हणाल्या, मयत न्यायचं आहे
आणि फाटकात अठ्ठावन्न डबे,
पाद्री थांबेल हो, ऊन थांबेल?
हशा झाला.
मी लिहिलं: फाटकाबाबत पृच्छा.

मग बोस्त्यांव कुलासो उठला.
पोटऱ्यांवर चिखल वाळून पांढरा झालेला.
माईक घेतला नाही. नकाशापाशी गेला,
लाल रेघेवर बोट ठेवून म्हणाला,
"हांगा मानस खंय आसा?"

साहेब माझ्याकडे बघू लागले.

बांधाच्या पोटात एक लाकडी दार असतं.
भरतीचं पाणी येतं, तेच दार लोटून घेतं,
सुकती लागली की आतलं पाणी तेच दार उघडतं.
खारं बाहेर, कोरगुट आत.
त्याच्या बापाने राखलं, त्याआधी शापायने,
आणि हा रात्री पाण्याच्या वेळेला जागा होतो,
शेजारी बायको म्हणते, झोप रे, पण झोपत नाही.
भराव त्याच्यावर पडला तर दार उघडायचं कुठे?

बाईने विचारलं, किती पाणी, किती तास, अवसेला किती.
त्याने सांगितलं. हातांनी, खांद्यांनी,
एकदा तर जमिनीवर बसून.
तिने चित्र काढलं, त्याने ते खोडून नीट काढून दिलं.
बावीस मिनिटं गेली.
जेवणाचे डबे बाहेर थंड होत होते.

मी लिहिलं, सुवाच्य अक्षरात:
श्री. कुलासो यांची मानसबाबत विचारणा.
मानस बंद करणे भरतीच्या हाती, उघडणे ओहोटीच्या.
मानस राखण्याची मागणी.

तीन महिन्यांनी पणजीहून छापील अहवाल आला.
माझं मराठी कुणीतरी इंग्रजीत नेलं होतं,
कुणीतरी तिथून परत आणलं होतं. पान एकशे बारा:
'एका ग्रामस्थाचे मन चंचल असून
परिस्थितीनुसार अनुकूल वा प्रतिकूल होते.
भावना जपाव्यात, अशी सूचना.
नोंद घेण्यात आली.'

पान घेऊन मी कुडतरीला गेलो. कुणी धाडलं नव्हतं.
तो बांधावर होता, फळीच्या भेगेत
जुन्या लुंगीच्या चिंध्या कोंबत.
वाचून दाखवलं. त्याने परत वाचायला लावलं.
"चंचल म्हणजे कितें?"
मी सांगितलं, जमेल तसं.
तो रागावेल असं वाटलं होतं.
"बस," म्हणाला, "पावणेपांचांक."

बसलो. एक खेकडा आला, आम्हाला बघून बाजूने गेला.
पाणी वर सरकलं, गवताच्या काड्या उलट्या फिरल्या,
फळीला टेकलं, आणि दार
म्हाताऱ्याने कुरकुरत कूस बदलावी तसं
बंद झालं.

मी घड्याळ पाहिलं. चार अठ्ठेचाळीस.
"तीन मिनिटां," तो म्हणाला,
आणि खरंच ओशाळला.